छोट्या रीफ टाकीत काय, किती आणि केव्हा घालावे?

घरी छोटी रीफ टाकी ठेवणारे वाचक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. दुकानात कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, अमिनो आम्ले, ‘ट्रेस एलिमेंट’ अशा बाटल्यांची रांग लागलेली असते. यातले आपल्या चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीला नेमके काय लागते? रोज किती मिली घालायचे? डोसिंग पंप घ्यावा का?

उत्तर आधीच सांगतो. नव्या, मुख्यतः मऊ कोरल असलेल्या छोट्या टाकीला यातले बहुधा काहीच लागत नाही. नियमित पाणीबदल पुरतो. कठीण कोरल वाढू लागले की तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते : अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. बाकी सर्वांसाठी एक नियम पाळा : ज्याची चाचणी तुम्हाला घरी करता येत नाही, ते टाकीत घालू नका. मोठ्या टाकीत पाच मिली जास्त पडले तर विरून जाते. ५० लिटरमध्ये त्याचा परिणाम ५०० लिटरच्या दहापट होतो आणि कोरलना जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही.

आधी टाकीतले खरे पाणी मोजा

टाकीवर लिहिलेले लिटर आणि आत असलेले पाणी यांत बराच फरक असतो. डोसचा सगळा हिशेब खऱ्या पाण्यावर चालतो, म्हणून हे एकदा नीट करून ठेवा.

- लांबी × रुंदी × पाण्याची उंची (सेंटिमीटरमध्ये) यांचा गुणाकार करून १००० ने भागा.
- खडक आणि वाळूसाठी साधारण १५ टक्के वजा करा.
- मागे फिल्टरचा कप्पा किंवा खाली संप असेल तर त्यातले पाणी मिळवा.

उदाहरणार्थ, ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी ६५ लिटरची म्हणून विकली जाते. पाणी ३३ सेंटिमीटरपर्यंत भरले तर ५९ लिटर होतात. खडक-वाळू वजा जाता उरतात सुमारे ५०. पुढचे सर्व हिशेब याच ५० लिटरसाठी दिले आहेत. तुमच्या टाकीप्रमाणे ते कमी-जास्त करा.

पहिली खरेदी : मोजायची साधने

बाटल्यांआधी या वस्तू घ्या.

1. रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो जुळवण्यासाठी ३५ पीपीटीचे प्रमाणित द्रावण. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवले तरी ३५ जवळचे वाचन चुकू शकते.
2. टीडीएस (पाण्यात विरघळलेले घन पदार्थ) मोजणारा मीटर. टॉप-अपचे (बाष्पीभवनाची भरपाई करायचे) आणि मीठ मिसळायचे पाणी शून्य टीडीएसचे हवे.
3. अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेटची चाचणी किट. पैसे कमी असतील तर अल्कलिनिटीचे किट आधी घ्या. सर्वांत लवकर हलणारा आकडा तोच असतो. मुदत संपलेले रिॲजंट वापरू नका.
4. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा आणि १० मिलीच्या दोन सिरिंज.
5. थर्मामीटर, हीटरवरच्या आकड्याची खात्री करण्यासाठी.

पाण्याबद्दल विशेष काळजी घ्या. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी खनिजे परत मिसळणारे कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर असतो, त्यामुळे ते पाणी जसेच्या तसे चालत नाही. आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा लागतो. एसीतून ठिबकणारे पाणी शुद्ध दिसले तरी ते तांब्याच्या नळ्यांवरून आलेले असते. तांब्याची अत्यल्प मात्राही कोरल, कोळंबी आणि गोगलगायींना मारक ठरते. याच कारणाने तांब्या-पितळेचे भांडे टाकीच्या पाण्याला लावू नका.

कोणते आकडे राखायचे

- क्षारता : ३५ पीपीटी (विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६)
- तापमान : २५ ते २७ अंश सेल्सिअस
- अल्कलिनिटी : ७.५ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक)
- कॅल्शियम : ४०० ते ४५० पीपीएम
- मॅग्नेशियम : १२५० ते १३५० पीपीएम
- नायट्रेट : २ ते १० पीपीएम
- फॉस्फेट : ०.०३ ते ०.१ पीपीएम

या पट्ट्यातला नेमका आकडा गाठण्यासाठी धडपडू नका. ७.८ वर महिनाभर स्थिर असलेली टाकी आज ७.५ आणि परवा ९ वर जाणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी निरोगी असते. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेणेही घातक आहे. कोरल उपाशी पडतात, फिकट होतात आणि तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट माजण्याचा धोका वाढतो. पीएच ७.८ ते ८.४ मध्ये असेल तर त्यासाठी वेगळी बाटली घेऊ नका. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला की पीएच उतरतो. खिडकी उघडणे हा तिथे खरा उपाय आहे.

तुमच्या टाकीला डोस लागतो का?

हे बाटलीवरच्या सूचनेवरून ठरत नाही, टाकीच्या रोजच्या खपावरून ठरते. तो असा काढा.

1. पाणीबदलानंतर एक दिवस थांबा. अल्कलिनिटी मोजा आणि वेळेसह वहीत लिहा.
2. आठवडाभर काहीही घालू नका, पाणी बदलू नका. फक्त बाष्पीभवनाची भरपाई शून्य टीडीएस पाण्याने करा, म्हणजे क्षारता हलणार नाही.
3. चौथ्या आणि सातव्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा.
4. आकडा ७ च्या जवळ आला तर चाचणी तिथेच थांबवा.
5. एकूण घटीला दिवसांनी भागा, म्हणजे रोजचा खप मिळेल; त्याला ७ ने गुणले की आठवड्याची घट. किटच्या वाचनात काही दशांशांचा फरक पडतोच, म्हणून शंका असेल तर पुढच्या आठवड्यात हेच परत करा.

आता निर्णय घ्या.

- आठवड्यात घट ०.३ डीकेएचपर्यंत : दर आठवड्याला २० टक्के पाणी बदला. डोस नको.
- आठवड्यात ०.३ ते २ : हाताने, रोज ठरलेल्या वेळी डोस द्या.
- आठवड्यात २ पेक्षा जास्त : डोस दिवसभरात विभागून द्यावा लागेल, पंपाचा विचार इथे योग्य ठरतो.

‘पाणी बदलले की सगळे भरून निघते’ हा समज अर्धाच खरा आहे. टाकीत १ डीकेएचची उणीव असताना तुम्ही २० टक्के पाणी बदलले, तर फक्त ०.२ भरून निघतात. आठवड्याला ०.३ ची घट असेल तर टाकी नव्या खाऱ्या पाण्याच्या आकड्यापेक्षा सुमारे १.५ ने खाली स्थिरावते. ९ ते ९.५ च्या मिठावर हे चालून जाते. घट याहून मोठी झाली की पाणीबदल मागे पडतो.

कोरल फार नसतानाही घट दिसली तर गोंधळू नका. खडकावर आणि काचेवर पसरणारे गुलाबी-जांभळे कोरलाइन शैवालही सांगाड्यासाठी हीच द्रव्ये घेते.

डोस देण्याचे मार्ग

- दोन द्रावणांची पद्धत. एका बाटलीत अल्कलिनिटी, दुसऱ्या बाटलीत कॅल्शियम. छोट्या टाकीसाठी हाच मार्ग सर्वांत सोपा आहे, कारण प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे सावरता येतो. यातून थोडे साधे मीठ साचत जाते, म्हणून क्षारता तपासा आणि पाणीबदल चालू ठेवा.
- एकाच बाटलीतले द्रावण. यात बहुधा कॅल्शियम फॉर्मेटसारखे संयुग असते. टाकीतले जिवाणू ते पचवतात, तेव्हा अल्कलिनिटी मिळते. म्हणून डोसनंतर तासाभरात केलेली चाचणी फसवी ठरते. दुसऱ्या दिवशी मोजा. जिवाणूंना प्राणवायू लागतो, तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा.
- चुन्याची निवळी, म्हणजे काल्कवासर. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे संपृक्त पाणी स्वस्त आणि संतुलित असते, पण त्याचा पीएच सुमारे १२.४ असतो. असे १ लिटर पाणी ५० लिटरमध्ये गेले तर अल्कलिनिटी सुमारे २.३ डीकेएचने उडी घेते. छोट्या टाकीत नवशिक्यांनी हा मार्ग टाळावा. पानाचा चुना तर मुळीच वापरू नका; त्यात काय मिसळले आहे ते तुम्हाला कळायला मार्ग नाही.
- कॅल्शियम रिॲक्टर. मोठ्या टाकीचे साधन. १०० लिटरखाली त्यावर खर्च करू नका.

५० लिटरचा हिशेब

समजा, चार दिवसांत अल्कलिनिटी ८.८ वरून ७.६ वर आली. म्हणजे रोजचा खप ०.३ डीकेएच. कोरल सांगाडा बांधताना दोन्ही द्रव्ये ठरावीक प्रमाणात घेतात : १ डीकेएच खर्च झाला की सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम खर्च होते. इथे रोज सुमारे २ पीपीएम कॅल्शियम लागेल.

घरी द्रावण करायचे असेल तर :

- अल्कलिनिटी : ४५ ग्रॅम शुद्ध सोडियम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा) शून्य टीडीएसच्या पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर करा. १० मिली = ५० लिटरमध्ये ०.३ डीकेएच. बेकिंग पावडर वेगळी असते, ती वापरू नका.
- कॅल्शियम : ३९ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट (खाद्य किंवा प्रयोगशाळा दर्जाचे) त्याच पद्धतीने विरघळवून एकूण १ लिटर करा. १० मिली = ५० लिटरमध्ये सुमारे २ पीपीएम. विरघळताना पाणी गरम होते; हातमोजे घाला आणि पावडर पाण्यात थोडी थोडी टाका.

म्हणजे रोज दोन्हींचे १०-१० मिली; आठवड्याची घट २ च्या किंचित वर जात असल्याने ते दिवसभरात विभागून द्या. मुद्दाम पातळ केलेल्या या द्रावणाचा फायदा असा की चुकून ३० मिली पडले तरी वाढ १ डीकेएचच्या आतच राहते.

देताना हे पाळा :

1. दोन्ही द्रावणे एकमेकांत कधीही मिसळू नका. मिसळली की कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या गाळासारखे खाली बसते आणि डोस वाया जातो.
2. दोन डोसमध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या.
3. पंपाच्या प्रवाहात, कोरलपासून दूर, हळूहळू सोडा. प्रत्येक द्रावणाला वेगळी सिरिंज ठेवा.
4. आकडा वर न्यायचा असेल तर दिवसाला अल्कलिनिटी १ डीकेएच, कॅल्शियम २० पीपीएम आणि मॅग्नेशियम १०० पीपीएमपेक्षा जास्त वाढवू नका. छोट्या टाकीत याच्या निम्म्यावर राहणे चांगले.
5. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या दिवशी मोजा. आकडा स्थिरावला की आठवड्यातून एकदा पुरे.

मॅग्नेशियमचा खप कॅल्शियमपेक्षा खूपच कमी असतो. ते महिन्यातून एकदा तपासा. मात्र कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कितीही घातले तरी टिकत नसतील, हीटरवर आणि पंपावर पांढरी पुटे चढत असतील, तर पहिला संशय कमी पडलेल्या मॅग्नेशियमवर घ्या. ते आधी सावरा, मग बाकीचे.

या बाटल्या सध्या घेऊ नका

- आयोडीन, स्ट्रॉन्शियम, पोटॅशियम, ट्रेस मिश्रणे : चांगल्या सागरी मिठात हे सर्व असते. समुद्रातच आयोडीन लिटरला फक्त सुमारे ०.०६ मिलिग्रॅम असते. घरच्या चाचणीवर एवढ्या सूक्ष्म मात्रेचा भरवसा धरता येत नाही आणि जास्त झाले तर ते विषारी ठरते.
- अमिनो आम्ले आणि कोरलचे खाद्य : मासे असलेल्या टाकीत कोरलना बरेच पोषण आपोआप मिळते. खाद्य द्यायचेच तर मोठ्या पॉलिपच्या कोरलना आठवड्यातून एक-दोनदा, अगदी थोडे.
- व्होडका, साखर किंवा तत्सम कार्बन डोसिंग : जिवाणूंची वाढ अनावर झाली की रात्रीतून प्राणवायू संपतो. छोट्या टाकीत हे करू नका.

उपकरणे : कोणती हवीत, कोणती नकोत

- दिवा : मऊ कोरलना ५० ते १०० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचे माप), मोठ्या पॉलिपच्या कठीण कोरलना ८० ते १५०, ॲक्रोपोरासारख्यांना २०० च्या पुढे. ८ ते १० तास पुरतात. नवा दिवा कमी तीव्रतेवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवा.
- प्रवाह : मऊ आणि मोठ्या पॉलिपच्या कोरलसाठी तासाला टाकीच्या १० ते २० पट. सरळ झोत कोरलवर नको.
- ऑटो टॉप-ऑफ : डोसिंग पंपाआधी हे घ्या. छोट्या टाकीत बाष्पीभवनाने क्षारता रोज हलते. त्याची राखीव बादली लहान ठेवा, म्हणजे सेन्सर अडकला तरी टाकी गोड्या पाण्याने भरणार नाही.
- प्रोटीन स्किमर : ६० लिटरखाली आठवड्याचा पाणीबदल त्याचे काम करतो.
- डोसिंग पंप : रोजचा खप ठरला, महिनाभर हाताने स्थिर ठेवता आला, की मगच. डब्यात आठवड्यापुरतेच द्रावण ठेवा. पंप बिघडून सगळे गेले तरी टाकी वाचली पाहिजे. नळीचे टोक पाण्याच्या वर ठेवा, नाहीतर सायफन होतो. नळी झिजते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मापात १० मिली सोडून तपासा.

उन्हाळा आणि वीज

महाराष्ट्रात हीटरपेक्षा थंडाव्याचा प्रश्न मोठा असतो. टाकीवरचा पंखा कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरवतो, पण बाष्पीभवन वाढवतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो. मे महिन्यात खोलीत पारा ३२ च्या वर राहत असेल आणि एसी सतत चालणार नसेल, तर चिलरचा खर्च गृहीत धरूनच टाकी घ्या. पुणे, नाशिक, विदर्भातल्या हिवाळ्यात हीटरही लागेल. तो स्वतंत्र तापमान नियंत्रकावर चालवा.

वीज गेली की सर्वांत आधी पाण्यातला प्राणवायू संपतो. बॅटरीवरचा हवापंप घरात असू द्या. इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवा नको, प्रवाहाचा पंप जोडा. खारे पाणी आणि वीज शेजारी असल्याने ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा, अर्थिंग तपासून घ्या आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत जाणार नाही.

डोस जास्त गेला तर

1. डोस ताबडतोब बंद करा, पंप असेल तर प्लग काढा.
2. पुन्हा मोजा. घाबरून आम्ल किंवा व्हिनेगर घालू नका.
3. वाढ १ डीकेएचच्या आसपास असेल तर थांबा. कोरल ती स्वतःच वापरतील.
4. वाढ मोठी असेल तर त्याच क्षारतेच्या आणि तापमानाच्या पाण्याने २० ते २५ टक्के बदल करा. यासाठी १०-१५ लिटर खारे पाणी नेहमी तयार असावे.
5. पाणी दुधाळ झाले तर दोन्ही द्रावणे थांबवा, हवा वाढवा, मॅग्नेशियम तपासा.

मिठाचे नवे पाकीट उघडल्यावरही सावध राहा. काही मिठांची अल्कलिनिटी ११-१२ असते. टाकी ८ वर असताना अशा पाण्याने मोठा बदल केला तर तो नकळत दिलेला डोसच होतो. मिसळलेले पाणी आधी तपासा.

कायदा आणि तुमचे हक्क

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. म्हणून :

- मालवणच्या किंवा आपल्या कोणत्याही किनाऱ्यावरून प्रवाळ उचलू नका. ते जिवंत असो वा मृत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. प्रवाळाचा सांगाडा असलेला ‘लाइव्ह रॉक’ही घेऊ नका, सिरॅमिक किंवा कारखान्यात घडवलेला खडक उत्तम काम देतो.
- कठीण कोरल ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातही येतात. विकत घेण्यापूर्वी आयातीची कागदपत्रे आणि रीतसर बिल मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका. शंका असल्यास वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे खरेदीआधीच लेखी विचारा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ‘साइट्स’मधील सजीव बाळगण्यासाठी नोंदणीची तरतूद आहे, तीही विचारून घ्या.
- मशरूम, झोआंथिड, लेदर यांसारख्या मऊ प्रकारांपासून सुरुवात करा. त्यांचेही बिल घ्याच.
- परदेशातल्या वाचकांनी तिथला कायदा पाहावा आणि टाकीत वाढवलेले कोरलचे तुकडे पसंत करावेत.

ग्राहक म्हणून तुम्ही आयात बाटलीवर आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ माप, निर्मितीचे महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीचा संपर्क पाहू शकता. हे छापणे बंधनकारक आहे. उपकरण सदोष निघाले आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. त्यासाठी बिल जपा.

स्वतःचीही काळजी

झोआंथिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला. ते असलेला खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याखाली घासू नका. वाफेतून झालेली विषबाधा घरातल्या सर्वांना रुग्णालयात नेऊ शकते. डोसिंगच्या बाटल्यांवर नाव लिहा आणि त्या मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

पुढचे चार आठवडे

- पहिला आठवडा : खरे पाणी मोजा, रिफ्रॅक्टोमीटर जुळवा, सर्व आकडे वहीत लिहा.
- दुसरा आठवडा : खपाची चाचणी करा. काहीही घालू नका.
- तिसरा आठवडा : आठवड्याची घट ०.३ डीकेएचपेक्षा जास्त असेल तरच हाताने डोस सुरू करा.
- चौथा आठवडा : आकडा अर्ध्या डीकेएचच्या आत स्थिर आहे का ते पाहा. नसेल तर डोस दहा-पंधरा टक्क्यांनीच बदला आणि पुन्हा तीन दिवस थांबा.

महिनाअखेर वहीतले आकडे स्थिर असतील, पॉलिप दिवसा फुलत असतील आणि नव्या वाढीच्या कडा दिसत असतील, तर तुमच्या टाकीला आणखी कोणत्याही बाटलीची गरज नाही. उरलेले पैसे चांगल्या मिठावर आणि ताज्या चाचणी किटवर खर्च करा.